उन्हात गेलं की अंगावर उठतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की हे प्रश्न सुरू होतात आणि मृगाच्या पावसापर्यंत थांबत नाहीत. हाताचा किंवा मानेचा फोटो येतो आणि खाली एक ओळ असते, "डॉक्टर, हे काय आहे?" नुसत्या फोटोवरून निदान करणं बरोबर नाही. पण तीन गोष्टी सांगितल्यात तर निम्मं काम होतं. उन्हात गेल्यावर किती वेळानं उठलं? अंगाचा कोणता भाग सुटला, म्हणजे कुठे उठलंच नाही? आणि त्याआधी पोटात काय घेतलं होतं किंवा अंगाला काय लावलं होतं? खालची उत्तरं वाचताना हे तीन प्रश्न स्वतःला विचारत राहा.

१. उन्हात गेलं की हातांवर आणि मानेवर बारीक पुरळ येतं, खूप खाजतं. 'उन्हाची ॲलर्जी' म्हणतात ती हीच का?

बहुतेक वेळा हीच. वैद्यकातलं तिचं नाव पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन. उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या त्रासांत हा सगळ्यात जास्त आढळतो, आणि तरुण व मध्यमवयीन बायकांमध्ये विशेष. आपल्याकडे तो बहुधा टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्यांच्या रूपात दिसतो. जागाही ठरलेल्या: कोपराखाली हाताची बाहेरची बाजू, मानेचा मागचा भाग, गळ्याखालचा उघडा त्रिकोण. सावळ्या त्वचेवर तो लाल दिसेलच असं नाही. पुष्कळदा फिकट, पांढुरका दिसतो. म्हणून लोक शिबं समजून महिना-महिना बुरशीचं मलम लावत बसतात.

उन्हात गेल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी हे उठतं. ऊन टाळलं तर आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत डाग न ठेवता जातं. चेहरा बऱ्याचदा सुटतो, कारण तो बारा महिने उन्हात असतो आणि त्याला सवय झालेली असते. याच कारणानं मोसमाच्या सुरुवातीला त्रास जास्त होतो आणि पुढे कमी होत जातो. इंग्लंड-जर्मनीत राहणाऱ्यांना पुण्यात कधी न झालेला हा त्रास तिथल्या मे महिन्यात पहिल्यांदा होऊ शकतो. हिवाळाभर अंग झाकलेलं असतं आणि मग एकदम लख्ख ऊन मिळतं.

जिवाला यात धोका नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम थोडे दिवस, खाजेची गोळी आणि अंगभर कपडे, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. दरवर्षी फार त्रास होत असेल तर मोसम सुरू होण्याआधी दवाखान्यात मोजून-मापून अतिनील किरण देऊन त्वचेला सवय लावतात.

२. मग घामोळं आणि हे, फरक कसा ओळखायचा?

जागेवरून. घामोळं कपड्यांखाली येतं: पाठ, कंबरपट्टा, छातीखाली, काखेजवळ, जिथे घाम कोंडतो तिथे. उन्हाचं पुरळ उघड्या भागावर येतं. घड्याळ किंवा बांगड्या काढून बघा. त्याखालची पट्टी स्वच्छ असेल तर कारण उजेडाचं आहे. तसंच हनुवटीच्या खाली, कानांच्या मागे आणि वरच्या पापणीवर बघा. या जागा सावलीत असतात, त्यामुळे उन्हाच्या त्रासात त्या सहसा सुटतात. त्याच जागा बिघडल्या असतील तर प्रश्न ६ वाचा.

३. उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं की पित्तासारख्या गांधी उठतात आणि तासाभरात जातात. हे वेगळं आहे का?

हो, वेगळं आहे. उन्हामुळे उठणाऱ्या या पित्ताला सोलर अर्टिकेरिया म्हणतात. ते मिनिटांत उठतं आणि सावलीत आल्यावर तास-दोन तासांत, क्वचित थोडं उशिरा, खूण न ठेवता जातं. प्रश्न १ मधलं पुरळ असं झटपट येत-जात नाही.

पण आधी एक शंका फेडून घ्या. त्रास उजेडानं होतो की उष्णतेनं? भाकऱ्या करताना चुलीपुढे, जिना धावत चढल्यावर किंवा कढत पाण्यानं आंघोळ केल्यावरही तशाच बारीक गांधी उठत असतील तर ते घामाचं-उष्णतेचं पित्त आहे, उन्हाचा दोष नाही. उलट जानेवारीच्या थंड सकाळी नुसत्या उजेडात उठत असतील तर ते उन्हाचं. उन्हाचं पित्त दुर्मिळ असलं तरी हलक्यानं घेऊ नका. अंगाचा मोठा भाग एकदम उन्हात उघडा पडला तर चक्कर येणं, श्वास अडकणं असंही होऊ शकतं. तसं झालं तर थेट रुग्णालय गाठा.

४. आयुष्य शेतात गेलं, कधी काही झालं नाही. आता साठीत अचानक ऊन का सोसत नाही?

या प्रश्नावर मी पहिल्यांदा औषधांची पिशवी मागते. या वयात नवा आजार निघण्याआधी नवी गोळी सुरू झालेली असते.

रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमध्ये दोन औषधं एकत्र असतात, आणि नावापुढे 'एच' असेल तर दुसरं औषध बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. लघवी जास्त होण्यासाठी दिलेल्या या औषधानं काही जणांची त्वचा उन्हाला हळवी होते. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. फुरोसेमाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, फुप्फुसं आखडण्याच्या आजारातलं पिरफेनिडोन, काही वेदनाशामकं (विशेषतः पायरॉक्सिकॅम), सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली अँटिबायोटिक्स, बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल, क्षयरोगातलं पायराझिनामाइड हीही त्याच यादीतली. गुडघ्याला चोळायचं किटोप्रोफेनचं जेल तर लावणं थांबवल्यावरही काही आठवडे त्या जागी उन्हाचा त्रास देऊ शकतं.

डॉक्सिसायक्लिनबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. मुंबईत आणि कोकणात पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून ही गोळी देतात, आणि ती घेतलीच पाहिजे. मुरुमांसाठी तर ती महिनोन्महिने चालते. ती चालू असताना उन्हात फिरलं तर नाक, गाल आणि हातांची पाठ भाजल्यासारखी लाल होते, आग आग होते, कधी नखं मुळापासून सुटू लागतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि त्या दिवसांत ऊन टाळायचं.

औषधामुळे होणारा त्रास दोन तऱ्हांचा असतो. एक भाजल्यासारखा: काही तासांत येतो, औषधाची मात्रा आणि ऊन दोन्ही पुरेसं मिळालं तर कोणालाही होऊ शकतो. दुसरा खऱ्या ॲलर्जीचा: एक-दोन दिवसांनी येतो, खाज सुटते, पाणी सुटतं आणि मोजक्याच लोकांना होतो. दोन्हींत एक नियम पाळा. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना दाखवा. बहुतेकांना पर्याय असतो.

औषध कुठलंच नसेल आणि चेहरा-मान-हातांची कातडी जाड, काळपट, सुरकुतलेली होत चालली असेल, तर तो उन्हाचा जुनाट इसब असू शकतो. उन्हात आयुष्य काढलेल्या वयस्क पुरुषांत तो जास्त दिसतो आणि आपल्या भागात त्याचा धागा पुष्कळदा प्रश्न ६ कडे जातो.

५. लाल चट्टे दोन्ही गालांवर आहेत, सांधेही दुखतात. हे नुसतं ऊन आहे का?

नुसतं ऊन समजून थांबू नका. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला आणि नाकाच्या बाजूची घळ सोडणारा चट्टा, त्याबरोबर सांधेदुखी, तोंडात न दुखणारे व्रण, केस गळणं, बारीक ताप किंवा लघवीला फेस, यांतलं काही असेल तर ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराची, तपासणी हवी. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. उन्हानं त्वचाच नाही, आतला आजारही उसळतो, आणि तोही उन्हानंतर काही दिवसांनी, त्यामुळे रुग्णाला संबंध लागत नाही.

एएनए नावाची रक्ततपासणी करतात. ती निरोगी माणसातही कधीकधी पॉझिटिव्ह येते, तेव्हा लॅबचा कागद हातात पडताच रडत बसू नका. लक्षणं, लघवी आणि बाकीचे अहवाल मिळूनच निदान होतं. यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी वर्षानुवर्षं चालते. तिच्यासाठी डोळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे करायची.

६. शेतात किंवा रिकाम्या प्लॉटवर गेलं की चेहरा, पापण्या, मान सुजते. ऊन आहे की काँग्रेस गवत?

दोन्ही असू शकतं, आणि हा गोंधळ महाराष्ट्रात फार जुना आहे. हे गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. त्यातल्या पार्थेनिन आणि तशाच इतर द्रव्यांची ॲलर्जी जडते. झाडाला हात लावायचीही गरज नसते. वाळलेल्या पानांचा आणि झाडावरच्या बारीक लवेचा भुगा वाऱ्याबरोबर येतो आणि घामट कातडीवर चिकटतो.

इथे सुटलेला भाग बघण्याची खूण कामाला येते. हवेतून येणारी धूळ सावली पाळत नाही. पापण्या, कानांच्या मागे, हनुवटीखाली, मानेच्या घड्या, कोपराच्या आतला खळगा, या सगळ्या जागी ती साठते. म्हणून या जागा बिघडल्या की आधी गवत आठवावं. पण वर्षं गेली की चित्र बदलतं. पुष्कळ रुग्णांत गवताच्या ॲलर्जीबरोबर उन्हाचं हळवेपणही येतं, आणि मग गवताचा मोसम सरला तरी नुसत्या उन्हानं त्रास होत राहतो. प्रश्न ४ च्या शेवटी सांगितलेला जुनाट इसब तो हाच.

निदानासाठी पाठीवर पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. बांधावरचं गवत फुलोऱ्यावर येण्याआधी उपटायचं, तेही ज्याला ॲलर्जी नाही अशा घरच्या माणसानं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. वाळलेला ढीग घराजवळ जाळू नका. शेतावरून आल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळे, आणि धुतलेले कपडे गवताच्या बाजूला वाळत घालायचे नाहीत. तीव्र आजारात ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्या लागतात, त्या रक्ततपासण्या करत चालवाव्या लागतात. शेत सोडा असं सांगणं सोपं असतं. ज्याचं पोट त्या शेतावर आहे त्याला ते सांगून भागत नाही. म्हणून ही सगळी यातायात करायची.

७. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं होतं. आता मोठे फोड आलेत. काय करू?

आधी तेल थांबवा, त्या जागेवर ऊन अजिबात पडू देऊ नका, फोड फोडू नका, साध्या थंड पाण्याच्या घड्या ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. फोड मोठ्या भागावर असतील किंवा ताप आला तर त्याच दिवशी.

बावचीत सोरालेन असतं. त्वचेवर ते असताना अतिनील किरण पडले की पेशींना इजा होते. कोडाच्या उपचारात सोरालेनचा उपयोग खरा आहे, पण दवाखान्यात किरणांची मात्रा ठरवून, हळूहळू वाढवत तो केला जातो. घरी तेलात किती सोरालेन आहे ते माहीत नसतं आणि एप्रिलमधलं दुपारचं ऊन कोणी मोजत नाही. शिवाय ही इजा लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी लाली, आणि दोन-तीन दिवसांनी ती सगळ्यात वाढते. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी आणखी वेळ बसतो. फोडाच्या जागी पुढे कोड वाढूही शकतं.

हाच प्रकार लिंबू आणि अंजिराच्या चिकानं होतो. उसाच्या गाड्यावर किंवा सरबताच्या स्टॉलवर दिवसभर लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर, किंवा चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेलेल्यांच्या गालावर ओघळांच्या आकाराचे काळे डाग उमटतात. डाग महिनोन्महिने राहतात, पण हळूहळू जातात. चेहऱ्याला लिंबू लावायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. बिब्ब्याचं उतणं मात्र वेगळं, त्याला उन्हाची गरज नसते.

८. मेडिकलमधून आणलेली क्रीम लावली, महिनाभर चेहरा उजळला. आता उन्हात पाऊल टाकलं की चेहरा पेटतो. असं का?

या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण हा त्रास पूर्ण टाळता येण्यासारखा आहे. त्या क्रीममध्ये बहुधा स्टिरॉइड असतं, त्याबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचं हे औषध 'गोरं होण्याची क्रीम' म्हणून वर्षानुवर्षं लावलं जातं. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होऊन आग होते, परत लावलं की शांत. त्यामुळे ती सुटत नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही मैत्रिणीच्या, पार्लरच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून ती घरात येतातच. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांना न लाजता सगळं सांगा. सावकाश सोडवण्याचे उपाय आहेत, फक्त काही महिने धीर लागतो.

९. वडील रोज दारू घेतात, जेवण नाही. हातांच्या पाठीवर आणि पायांवर काळे, सोललेले पट्टे आलेत. ऊन लागलंय का?

ऊन हे निमित्त आहे. हा पेलाग्रा असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. दोन्ही हातांवर सारखे, कडा स्पष्ट असलेले, आधी भाजल्यासारखे आणि मग काळे-खरखरीत चट्टे येतात. कधी गळ्याभोवती हारासारखा पट्टा दिसतो. जुलाब, चिडचिड, विसरभोळेपणा यांपैकी काही सोबत असेल तर थांबू नका. वेळेत उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो, आणि नायसिनामाइडच्या स्वस्त गोळ्यांनी काही दिवसांत फरक दिसतो.

दख्खनमध्ये या आजाराला वेगळा इतिहास आहे. जगात इतरत्र तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा आजार मानला जायचा. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दाखवलं की ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांतही तो होतो, आणि ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनकडे (प्रथिनांचा एक घटक) त्यांनी बोट दाखवलं. पण तेवढ्यावरून भाकरी सोडू नका. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी असतील तर ज्वारीनं कोणाचं वाईट होत नाही. क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिडही नायसिन कमी करू शकतं, तेव्हा तो इतिहास डॉक्टरांना सांगा.

१०. बाळाला उन्हात नेलं की ते हात आपटून रडतं, पण अंगावर काहीच दिसत नाही. लाड म्हणायचे का?

नाही. मूल जे सांगतंय ते खरं धरा. उन्हात काही मिनिटांतच हात-चेहरा जळजळणं, मुलानं गार पाण्यात हात घालणं, गार फरशीवर गाल टेकवणं, ही एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या दुर्मिळ आनुवंशिक आजाराची खूण असू शकते. यात रक्तात पॉर्फिरिन नावाचं द्रव्य साठतं आणि दिसणाऱ्या उजेडानंही त्रास होतो, त्यामुळे साधं सनस्क्रीन पुरत नाही. कपडे आणि सावली हाच खरा आडोसा. रक्तातल्या पॉर्फिरिनची तपासणी आणि पुढे यकृतावर लक्ष, दोन्ही हवं.

दुसरी खूण याहून गंभीर आहे. दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर दाट काळे तीळ-ठिपके, उजेडात डोळे न उघडणं, थोड्या उन्हानंही भाजणं. हा झीरोडर्मा पिग्मेंटोसम असू शकतो. उन्हानं पेशींच्या डीएनएला होणारी इजा यांच्या शरीराला दुरुस्त करता येत नाही आणि लहान वयात त्वचेचे कर्करोग होतात. नात्यात लग्न झालेल्या घरांत, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, असे आजार जास्त आढळतात. आईनं काही चुकीचं खाल्लं म्हणून हे होत नाही, हे सासरच्यांनाही सांगा.

उन्हाळ्यात शाळकरी मुलांच्या गालांवर दिसणारे फिकट पांढरे चट्टे मात्र बहुतेक वेळा साधे असतात. भोवतालची त्वचा उन्हानं रापते म्हणून ते उठून दिसतात.

११. घरात, गाडीत किंवा ढगाळ दिवशीही काळजी घ्यायची का?

ज्याला त्रास आहे त्यानं घ्यायची. खिडकीच्या काचेतून अतिनील-बी किरण जवळजवळ येत नाहीत, पण अतिनील-ए किरण येतात, आणि वर सांगितलेल्या बहुतेक त्रासांत दोषी तेच असतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून टॅक्सी-ट्रकचालकांचा उजवा हात आणि उजवा गाल जास्त बिघडलेला दिसतो. पातळ ढगांतूनही बरेचसे अतिनील किरण खाली येतात. घरातल्या साध्या ट्यूब-बल्बची भीती बाळगायचं कारण नाही, प्रश्न १० मधले आजार सोडून.

१२. सनस्क्रीन कोणतं आणि किती? आणि सनस्क्रीननंच खाज आली तर?

एसपीएफचा आकडा मुख्यतः अतिनील-बी साठी असतो. म्हणून नुसता मोठा आकडा बघू नका. ३० किंवा जास्त एसपीएफ आणि त्याबरोबर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा पीए पुढे तीन-चार अधिकची चिन्हं असलेलं घ्या. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लागतं. लोक मात्र याच्या पावच लावतात. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं जास्त उपयोगी.

सनस्क्रीनमधल्या रसायनाचीही ॲलर्जी होते. तसं वाटलं तर झिंक ऑक्साइडवर आधारलेलं वापरून बघा, आधी कानामागे दोन-तीन दिवस.

पण खरं सांगू? कापडासारखं सनस्क्रीन नाही. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून, डोक्याला रुमाल बांधून कांद्याची लागण करणाऱ्या बायका कुठल्याही महागड्या ट्यूबपेक्षा चांगलं संरक्षण करून घेत असतात. विणीला घट्ट, गडद रंगाचं कापड उत्तम. ओलं पांढरं सुती कापड त्यामानानं फार कमी अडवतं. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, तेव्हा सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ शक्यतो टाळा.

१३. ऊन टाळलं तर व्हिटॅमिन डी कुठून मिळणार?

गोळीतून. ज्याला उन्हानं त्रास होतो त्यानं हाडांसाठी अंग भाजून घ्यायची गरज नाही. सकाळच्या अगदी कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण फारच कमी असतात, त्यामुळे सात वाजता गच्चीवर बसून ते भरून निघत नाही. रक्तातली पातळी बघून डॉक्टर मात्रा ठरवतील. आठवड्याची गोळी रोज घेऊ नका, जास्त झाल्यास अपाय होतो.

१४. हे संसर्गजन्य आहे का? मुलीचं लग्न ठरतंय.

यांतलं काहीही शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं किंवा एकाच टॉवेलनं पसरत नाही. प्रश्न १ मधल्या त्रासात लग्नाला, मूल होण्याला कसलीही आडकाठी नाही. ल्युपस असेल तर गरोदरपण आजार शांत असताना आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ठळकपणे आनुवंशिक म्हणावेत असे आजार प्रश्न १० मधले.

१५. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं आणि कोणत्या तपासण्या होतील?

पुरळ ताजं असताना चांगल्या उजेडात काढलेले फोटो, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे कोणता भाग सुटला ते दिसेल. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीही. लावलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूब, तेलाच्या बाटल्या, अत्तरसुद्धा. आणि कधी उन्हात गेलात, कधी उठलं, कधी गेलं, एवढं कागदावर.

सरसकट सगळ्या तपासण्या लागत नाहीत. प्रश्न १ सारखं स्पष्ट चित्र असेल तर एकही लागणार नाही. शंकेप्रमाणे एएनए, पॅच टेस्ट, पॉर्फिरिन, कधी कातडीचा छोटा तुकडा. मोठ्या रुग्णालयांत किरणांची मात्रा देऊन फोटोटेस्टही करतात. एचआयव्हीची तपासणी सांगितली तर घाबरू नका किंवा अपमान समजू नका. त्या संसर्गातही त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून ती सुचवतात. दारू पिणाऱ्या मध्यमवयीन माणसाच्या हातांच्या पाठीवर किरकोळ धक्क्यानं फोड येत असतील, कातडी सोलली जात असेल, तर पॉर्फिरियाच्या दुसऱ्या एका प्रकारासाठी यकृत, रक्तातलं लोह आणि हिपॅटायटिस सी बघतात.

आणि जाण्याआधीच्या आठवड्यात नवं मलम लावू नका. दुकानातल्या मलमानं पुरळाचं रूप बदलतं, आणि मग समोर बसलेल्या डॉक्टरांनाही नेमकं काय होतं ते ओळखता येत नाही.